शह, चेक आणि एक्स्चेकर: पटावरच्या एका हाकेचा प्रवास

‘विरोधकांना शह’ अशी बातमी आपण वाचतो, ‘चेक वटला का?’ असं विचारतो, दुकानात ‘चेक्सचा शर्ट दाखवा’ म्हणतो, सिलिंडर बंद आहे की नाही ते ‘चेक’ करतो आणि वर्षातून एकदा ‘चेकअप’ला जातो. यातला ‘शह’ आपल्याकडे फारसीतून आला, बाकीचे शब्द इंग्रजीतून. दोन भाषा, दोन वेगळे काळ, दोन वेगळे राज्यकर्ते. पण मागे मागे जाऊ लागलो की हे सगळे एकाच शब्दाशी येऊन थांबतात. तो शब्द म्हणजे ‘शाह’, फारसीतला राजा.

युरोपातल्या बहुतेक भाषांमध्ये हा शब्द कुठल्या ना कुठल्या रूपात नांदतो आहे. कुठे तो खेळाचं नाव आहे, कुठे अपयश, कुठे कापडावरची नक्षी, कुठे सरकारी खजिना. एका शब्दाला इतके अर्थ कसे फुटले, हे त्याचा प्रवास पावलापावलाने पाहिला की कळतं. यातली जवळजवळ प्रत्येक पायरी स्पष्ट दिसते, आणि शब्दांच्या इतिहासात इतकं सरळ चित्र क्वचितच मिळतं.

सुरुवात इराणातून करू. बेहिस्तूनच्या कड्यावर सम्राट दारयवौश, म्हणजे ग्रीकांचा डरायस, याने इसवी सनापूर्वी ५२०च्या सुमारास कोरून घेतलेला प्रचंड लेख आहे. त्यात तो स्वतःला ‘ख्शायथिय’ म्हणवतो. ‘अदम् दारयवौश’, म्हणजे ‘अहं दारयवौश’, अशी त्याची भाषा संस्कृतला अगदी शेजारची. ‘ख्शायथिय’ या शब्दाच्या मुळाशी राज्य करणे हा अर्थ आहे, आणि संस्कृतातलं ‘क्षयति’ (सत्ता गाजवतो) व ‘क्षत्र’ ही त्याच कुळातली. प्रांताच्या सुभेदारासाठी इराणी भाषांत जो शब्द होता, तोच ‘क्षत्रप’ होऊन नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या नहपानाच्या काळच्या लेखांत आपल्याला भेटतो. पुढच्या हजारभर वर्षांत ‘ख्शायथिय’ झिजत झिजत ‘शाह’ एवढाच उरला. शब्द झिजतात ते वापरून वापरून, आणि राजाचं नाव तर रोजच्या तोंडचं.

आता खेळाकडे. भारतातला ‘चतुरंग’ हा हत्ती, घोडा, रथ आणि पायदळ या चार अंगांच्या सैन्याचा खेळ. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात त्याचा उल्लेख केला आहे. तो इराणात गेला तेव्हा नाव झालं ‘चत्रंग’. इराणी लोकांनी पटावरच्या राजाला अर्थातच आपला शब्द दिला, ‘शाह’. सातव्या शतकात अरबांनी इराण जिंकला आणि हा खेळ त्यांच्या हाती आला. अरबीत ‘च’ हा उच्चार नाही आणि ‘ग’च्या जागी ‘ज’ येतो, म्हणून ‘चत्रंग’चा ‘शत्रंज’ झाला. राजाला मात्र अरबांनी आपल्या ‘मलिक’ या शब्दाने हाक मारली नाही. पटावर तो ‘शाह’च राहिला.

यातली कळीची गोष्ट अशी की या खेळात एक शब्द मोठ्याने उच्चारायचा असतो. प्रतिस्पर्ध्याच्या राजावर हल्ला झाला की खेळाडू त्याला सावध करतो: ‘शाह!’ म्हणजे ‘राजा सांभाळ!’ मराठीत आपण ‘शह दिला’ म्हणतो तेव्हा ‘राजा असं म्हटलं’ एवढंच म्हणत असतो. भाषा येत नसलेला माणूस पटाशेजारी उभा राहून खेळ पाहत असेल, तर त्याच्या कानावर पुन्हा पुन्हा पडणारा शब्द हाच. खेळाचं नाव कुणी सारखं घेत नाही, पण ही हाक प्रत्येक डावात दहादा ऐकू येते. युरोपात काय घडलं त्याचा उलगडा माझ्या मते इथेच होतो.

कारण युरोपात या खेळाला दोन तऱ्हेची नावं आहेत. स्पॅनिशमध्ये ‘आखेद्रेथ’ आणि पोर्तुगीजमध्ये ‘शद्रेश’. दोन्ही थेट ‘शत्रंज’वरून, म्हणजे शेवटी आपल्या ‘चतुरंग’वरून आलेली. स्पॅनिश नावाच्या सुरुवातीचा ‘आ’ म्हणजे अरबीतल्या ‘अल्’ या उपपदाचा उरलेला अंश. कॅस्टिलचा राजा दहावा अल्फोन्सो याने १२८३ साली खेळांवर एक सचित्र ग्रंथ पूर्ण करवून घेतला, त्यात हा खेळ ‘असेद्रेश’ या जुन्या रूपात येतो. बाकी युरोपात मात्र इटालियन ‘स्काक्की’, कॅटलान ‘अस्काक्स’, फ्रेंच ‘एशेक’, जर्मन ‘शाख’, डच ‘स्खाक’, स्वीडिश ‘शाक’, पोलिश आणि चेक ‘शाखी’, हंगेरियन ‘शक्क’, रुमानियन ‘शाह’. सगळी राजाची नावं. रशियनांनी तर ‘शाखमाती’ म्हणत ‘शह’ आणि ‘मात’ दोन्ही एकत्र करून खेळाचं नाव केलं.

हा फरक पडला कारण आयबेरियात, म्हणजे स्पेन-पोर्तुगालच्या भूमीत, अरबी बोलणारे लोक ७११पासून १४९२पर्यंत, जवळजवळ आठ शतकं, घराशेजारी राहत होते. शेजाऱ्याकडून खेळ शिकताना त्याचं नावही शिकलं जातं. पिरेनीज पर्वताच्या पलीकडे खेळ पोचला तो व्यापारी, प्रवासी आणि मठांतले साधू यांच्या हातून, सोंगट्यांच्या डब्यासह. तिथे नाव मागे पडलं आणि हाक टिकली. स्वित्झर्लंडमधल्या आइन्सिडेल्नच्या मठात दहाव्या शतकाच्या अखेरची एक लॅटिन कविता सापडली आहे. ख्रिस्ती युरोपातलं बुद्धिबळाचं सर्वांत जुनं वर्णन ते हेच, आणि त्यात सोंगट्यांना ‘स्काकी’ म्हटलं आहे, म्हणजे शब्दशः ‘शाह लोक’. राजाचं नाव सगळ्या सोंगट्यांना आणि मग अख्ख्या खेळाला लागलं.

‘शाह’चा ‘स्काक’ कसा झाला हेही पाहण्यासारखं आहे. लॅटिनमध्ये ‘श’ हा ध्वनी नव्हता आणि शेवटचा ‘ह’ त्यांच्या तोंडी बसेना. म्हणून ‘श’च्या जागी ‘स्क’ आणि ‘ह’च्या जागी ‘क’. त्यातून ‘स्काकुस’ तयार झाला. फ्रेंचांना शब्दाच्या आरंभी ‘स’ला जोडलेलं व्यंजन जड जाई, त्यामुळे त्यांनी पुढे एक ‘ए’ लावला. उत्तरेकडची माणसं ‘इस्कूल’, ‘इस्टेशन’ म्हणतात त्यामागे हीच युक्ती आहे. शिवाय फ्रेंचमध्ये ‘का’चा ‘च’कडे झुकलेला उच्चार होत होता. या दोन्हींतून ‘एसचेक’ आलं, अनेकवचन ‘एसचेस’. नॉर्मन लोकांबरोबर ते इंग्लंडला गेलं, तिथे पुढचा ‘एस’ गळाला. एकवचनाचं झालं ‘चेक’ आणि अनेकवचनाचं झालं ‘चेस’. म्हणजे इंग्रजीतलं ‘चेस’ हे ‘चेक’चं अनेकवचनच आहे, आणि दोन्हींच्या पोटात इराणचा राजा आहे.

इथे एक खबरदारी. चेक प्रजासत्ताकातल्या ‘चेक’चा याच्याशी काहीही संबंध नाही. ते त्या लोकांचं स्वतःचं स्लाव्ह नाव. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात एवढंच.

अर्थांचा विस्तार खरा रंगतो तो इथून पुढे. फ्रेंचमध्ये ‘एशेक’चं अनेकवचन म्हणजे बुद्धिबळ आणि एकवचन म्हणजे अपयश. परीक्षेत नापास होणं, वाटाघाटी फिसकटणं, प्रयोग फसणं, सगळं ‘एशेक’. ज्याला शह बसला त्याच्या बाजूने हा शब्द पाहिला गेला. इंग्रजीने तोच क्षण शह देणाऱ्याच्या बाजूने पाहिला. राजाला शह बसला की तुमची मनातली चाल बाजूला ठेवावी लागते, आधी राजाला वाचवावं लागतं. तुम्ही अडवले जाता. म्हणून १४व्या शतकाच्या अखेरीस इंग्रजी ‘चेक’ला अडवणे, रोखणे हा अर्थ आला. अडवलेल्या माणसाची झडती होते, कागद पाहिले जातात, तेव्हा १७व्या शतकाच्या अखेरीस त्याच शब्दाला पडताळून पाहणे हा अर्थ चिकटला. आपल्या ‘चेकनाक्या’वर हे दोन्ही अर्थ एकत्र उभे असतात: आधी गाडी अडवायची, मग तपासायची. जर्मनमध्ये ‘शाख’ तपासण्यापर्यंत गेला नाही, पण कुणाला ‘शाखमध्ये धरून ठेवणं’ म्हणजे त्याला वचकात ठेवणं, हा प्रयोग तिथे रोजचा आहे. आपल्याकडच्या शह-काटशहाच्या राजकारणाला तो बराच जवळचा.

राज्यशास्त्रातली ‘चेक्स अँड बॅलन्सेस’ ही कल्पना याच अडवण्याच्या अर्थातून आली. कायदेमंडळ, शासन आणि न्यायालय यांनी एकमेकांना मोकाट सुटू द्यायचं नाही. आता आपला शब्द पाहा: ‘लोकशाही’. यातला ‘शाही’ म्हणजे ‘शाह’ची सत्ता. आदिलशाही, निजामशाही, कुतुबशाही अशा राज्यांच्या नावांतून तो प्रत्यय मराठीत रुळला आणि मग त्याच्यापुढे आपण ‘लोक’ हा शब्द ठेवला. लोकशाहीत चेक्स अँड बॅलन्सेस असावेत, या वाक्यात एकच शब्द दोनदा येतो, आणि मला हे फार आवडतं.

आता त्या खजिन्याकडे वळू, कारण शब्दाने सगळ्यांत लांब उडी तिथे मारली. ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला ‘चान्सलर ऑफ द एक्स्चेकर’ म्हणतात. ऋषी सुनक २०२० ते २०२२ या काळात या पदावर होते, तेव्हा मराठी वर्तमानपत्रांतही हे नाव वारंवार छापून आलं. ‘एक्स्चेकर’ म्हणजे मुळात बुद्धिबळाचा पट. लॅटिनमध्ये ‘स्काकारिउम’, जुन्या फ्रेंचमध्ये ‘एसचेकिए’.

सरकारी तिजोरीला पटाचं नाव मिळालं ते हिशेबाच्या पद्धतीमुळे. बाराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये आकडे रोमन पद्धतीने लिहीत. त्या पद्धतीत शून्य नाही, स्थानमूल्य नाही. आपण एकम, दहम, शतक असे रकाने मांडून चटकन बेरीज करतो, तशी सोय रोमन आकड्यांत नाही. शिवाय हिशेब द्यायला येणाऱ्या जिल्ह्याजिल्ह्यांच्या अंमलदारांना, शेरीफांना, बहुतेक वेळा लिहिता-वाचता येत नसे. मग राजाच्या माणसांनी हिशेब टेबलावर मांडून डोळ्यांनी दिसेल असा केला. हेन्री पहिला याच्या काळात ही व्यवस्था बसली. नंतर राजाचा खजिनदार रिचर्ड फिट्झनील याने ११७०च्या दशकात तिच्यावर गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपात एक पुस्तक लिहायला घेतलं. त्याचं नावच ‘दिआलोगुस दे स्काकारिओ’, म्हणजे ‘पटाविषयी संवाद’. थेम्स नदीकाठच्या मनोऱ्याच्या खिडकीत बसलेलो असताना कुणीतरी येऊन या व्यवस्थेबद्दल विचारलं, अशी त्याने सुरुवात केली आहे.

फिट्झनील सांगतो की टेबल सुमारे १० फूट लांब आणि ५ फूट रुंद होतं. सोंगट्या खाली पडू नयेत म्हणून चारी बाजूंनी चार बोटं उंच कड होती. त्यावर दरवर्षी नवं काळं कापड अंथरत आणि त्याच्यावर रेघा असत. रेघांमधल्या रकान्यांना किंमती ठरलेल्या: एकात पेन्स, पुढच्यात शिलिंग, मग पौंड, मग वीस-वीस पौंड, मग शेकडे, मग हजार. १२ पेन्सचा शिलिंग, २० शिलिंगचा पौंड. शेरीफने किती द्यायचे होते तेवढ्या सोंगट्या एका ओळीत मांडायच्या, किती भरले तेवढ्या खालच्या ओळीत, आणि खालच्या वरून वजा करत जायचं. राहिलं ते त्याच्याकडून येणं. रकान्यात जागा बदलली की सोंगटीची किंमत बदलते. म्हणजे कागदावर नसलेलं स्थानमूल्य कापडावर होतं, आणि शून्याचं काम रिकामा रकाना करी. निरक्षर शेरीफलाही आपल्यासमोर काय चाललंय ते दिसत असे, त्यामुळे नंतर तक्रारीला जागा उरत नसे.

शिष्य विचारतो, याला पट का म्हणतात? गुरू आधी दिसण्याचं कारण देतो: रेघा, सोंगट्या, समोरासमोर बसलेली माणसं. मग म्हणतो की आणखीही कारण आहे. बुद्धिबळात जशी दोन राजांत लढाई होते, तशी इथे खजिनदार आणि शेरीफ यांच्यात होते, बाकीचे बसून पाहतात. साडेआठशे वर्षांपूर्वी त्या खात्यातल्याच माणसाने शब्दाचं मूळ इतक्या नेमकेपणाने सांगून ठेवलं आहे. शब्दांची व्युत्पत्ती शोधणाऱ्याला असा साक्षीदार मिळणं म्हणजे भाग्यच.

‘एक्स्चेकर’मधला ‘एक्स’ मात्र मागाहून आलेला. फ्रेंच शब्दाच्या आरंभीचा ‘एस’ म्हणजे लॅटिन ‘एक्स’चाच अपभ्रंश असणार असं लिहिणाऱ्यांना वाटलं आणि त्यांनी तो ‘सुधारला’. त्या ‘एस’चं खरं काम उच्चार सोपा करणं एवढंच होतं, हे आपण पाहिलं.

या खात्यात पैसे भरल्याची पावती लाकडी काठीवर खाचा पाडून देत. काठी उभी चिरायची, एक भाग खात्याकडे, एक भरणाऱ्याकडे. दोन्ही अर्धे जुळले तरच हिशेब खरा. ही पद्धत १८२६ साली बंद झाली. साठलेल्या काठ्या १६ ऑक्टोबर १८३४ रोजी वेस्टमिन्स्टरमध्ये उमरावांच्या सभागृहाखालच्या भट्ट्यांत जाळायला घातल्या, आणि त्या आगीत इंग्लंडच्या संसदेची जुनी इमारतच जळाली. आज लंडनमध्ये दिसते ती संसद त्यानंतर बांधलेली आहे.

काठीच्या दोन अर्ध्यांमागचा विचार कागदावर आला तो बँकेच्या चेकच्या रूपाने. १८व्या शतकात इंग्लंडमध्ये पैसे देण्याच्या चिठ्ठीचा स्थळप्रतीचा भाग, म्हणजे खोटेपणा पकडता यावा म्हणून मागे ठेवलेला तुकडा, ‘चेक’ म्हणवला जाई, कारण तो फसवणुकीला अडवी. पुढे हे नाव चिठ्ठीलाच पडलं. ब्रिटिशांच्या लेखनात त्याला शेवटी क्यू-यू-ई लागलं ते ‘एक्स्चेकर’च्या प्रभावाने. अमेरिकनांनी साधं रूप ठेवलं, आणि हॉटेलच्या बिलालाही ते ‘चेक’च म्हणतात. ‘चेक’ हा शब्द मध्ययुगीन अरब व्यापाऱ्यांच्या ‘सक्क’ या दस्तावरून आला असंही बऱ्याच ठिकाणी वाचायला मिळतं. सक्कने दूरवर पैसे चुकते होत ही गोष्ट खरी आहे, पण प्रमुख इंग्रजी कोश त्याला मूळ मानत नाहीत, ते शहाच्या ‘चेक’कडेच बोट दाखवतात. मलाही तेच पटतं, कारण शहापासून अडवणूक, अडवणुकीपासून पडताळा आणि पडताळ्यापासून स्थळप्रत ही साखळी अखंड दिसते.

इंग्लंडमध्ये बँकेचा चेक झाला आणि तो पुन्हा युरोपभर गेला. त्यामुळे बऱ्याच भाषांत आता हा शब्द दोनदा आहे. जर्मनमध्ये ‘शाख’ म्हणजे बुद्धिबळ आणि ‘शेक’ म्हणजे धनादेश. हंगेरियनमध्ये ‘शक्क’ आणि ‘चेक’. फ्रेंचमध्ये ‘एशेक’ आणि ‘शेक’. पोलिशमध्ये ‘शाखी’ आणि ‘चेक’. पहिला मध्ययुगात सोंगट्यांबरोबर आलेला, दुसरा आधुनिक काळात बँकेबरोबर.

शर्टाच्या चेक्सचं स्पष्टीकरण सोपं आहे: पटासारख्या चौकड्या म्हणून चेक्स. पण पोर्तुगीजकडे पाहा. तिथे खेळाचं नाव ‘शाह’वरून आलेलंच नाही, ते ‘शत्रंज’वरून आलेलं ‘शद्रेश’. तरीही पोर्तुगीजमध्ये चौकड्यांच्या कापडाला ‘शद्रेश’च म्हणतात, आणि ब्राझीलच्या बोलीत तुरुंगालाही, गजांच्या जाळीवरून. दोन वेगळ्या शब्दांनी तोच रस्ता धरला, कारण रस्ता पटाने आखून दिला होता. इथे अर्थ ध्वनीच्या मागे धावत नाही, डोळ्यांसमोरच्या वस्तूच्या मागे जातो.

‘मात’चीही थोडी हकिकत आहे. ‘शाह मात’ याचा अर्थ पुष्कळदा ‘राजा मेला’ असा सांगतात, कारण अरबीत ‘मात’ म्हणजे मेला. पण नियमाप्रमाणे राजा कधीच मारला जात नाही, त्याला हलायला जागा उरत नाही एवढंच. फारसी अर्थ ‘राजा निरुपाय झाला’ असा आहे आणि तो खेळाशी जास्त जुळतो. ‘मात’ फ्रेंचमध्येही गेला आणि तिथल्या जुन्या भाषेत त्याचा अर्थ ‘हरलेला, गलितगात्र’ असा होता. चमक नसलेल्या रंगाला ‘मॅट’ म्हणतात तो शब्द अनेक कोशकार इथूनच आला मानतात, काही जण मात्र त्याला वेगळं लॅटिन मूळ देतात. मराठीने ‘मात करणे’ हे पटाबाहेर काढून संकटांवर, आजारांवर, परिस्थितीवर वापरायला घेतलं.

हा शब्द सगळ्यांनीच खेळाच्या नावासाठी घेतला असं नाही. वेल्श भाषेत बुद्धिबळाला ‘ग्विथ्बुइल्’च्या जवळपास उच्चाराचं नाव आहे आणि आयरिशमध्ये त्याचंच भावंड ‘फिहल’. बुद्धिबळ तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून एक जुना पटखेळ या नावाने खेळला जात होता. नवा खेळ आला तेव्हा त्यांनी जुनं नाव त्याला दिलं. त्या नावाचा अर्थ ‘लाकूड-बुद्धी’: लाकडाच्या पटावर चालवायची अक्कल. मराठीनेही खेळाच्या नावासाठी राजाकडे पाहिलं नाही आणि सैन्याकडेही नाही. ‘चतुरंग’ संस्कृतात ठेवला, ‘शतरंज’ हिंदी-उर्दूकडे राहिला, आणि आपण म्हणतो ‘बुद्धिबळ’.